ओब्दुलियाचा तिसरा ठोका

ड्रमसेटवर पहिल्यांदा बसणाऱ्या पोरीला मी आधी एकच विचारते, "हा उजवा हात कुणाचा?"

पोरी हसतात. "माझाच की, बाई."

"तुझा नाही. उजवा हात दिग्नाचा. उजवा पाय माझ्या ओनेलिओमामाचा. डावा हात उलीसेसचा. डाव्या पायाचं नंतर बघू."

मग त्या एकमेकींकडे बघतात. म्हातारी सटकली असं त्यांना वाटत असणार. वाटू दे. मला असंच शिकवलं, आणि दुसरी रीत मला येत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी फोनवर बघून शिकावं, माझी ना नाही. महिन्याभरात परत येतात आणि म्हणतात, बाई, हात चालतो पण ताल बसत नाही. बसेल कसा? घरात माणसंच नाहीत आणि हे निघालेत जेवणावळ घालायला.

आमचं अंगण मातान्सास शहरात नदीच्या कडेला आहे. चारी बाजूंनी खोल्या, मधे एक नळ, एक सीताफळाचं झाड आणि भांडणाला कायम तयार असलेली माणसं. दर रविवारी दुपारी तिथं रुंबा व्हायचा, म्हणजे ढोल, गाणं आणि नाच. कुणी बोलवायचं नाही, कुणी ठरवायचं नाही. जेवणं झाली की ओनेलिओमामा आपला मोठा ढोल उन्हात आणून ठेवायचा, कातडं तापून ताणलं जावं म्हणून, आणि मग एकेक जण खुर्ची ओढत यायचा. दिग्ना जाड बांबूच्या तुकड्यावर दोन काठ्या घेऊन बसायची. ती एकदा सुरू झाली की संध्याकाळपर्यंत हात बदलायची नाही. नवरा बोलत असला तरी हात चालू, शेजारीण रडत असली तरी हात चालू. उलीसेस लहान ढोलावर. तो बडबड्या, त्याचा ढोलही बडबड्या. नाचणाऱ्या बाईनं कंबर हलवली की त्याचा ढोल तिला टोमणा मारायचा. आणि या सगळ्यांच्या मधोमध माझी आजी ओब्दुलिया, हातात दोन छोट्या लाकडी दांड्या. त्यांना क्लावे म्हणतात. बोटभर जाडीचं काळं, कठीण लाकूड. एकीवर दुसरी मारायची, बस. काम एवढंच.

एवढंच म्हणते खरी, पण सगळं त्यावरच उभं असतं. पाच ठोके असतात. एका अर्ध्यात तीन, दुसऱ्या अर्ध्यात दोन, मग पुन्हा तेच. ढोल काय हवं ते बोलतील, गाणारा कुठंही भटकेल, पण ते पाच ठोके हलले की सगळ्यांचे पाय अडखळतात. आणि रुंब्यात त्यातला तिसरा ठोका जरा अडवून धरतात. आजी तो फार सुंदर अडवायची. आता येईल, आता येईल असं वाटत राहायचं, आणि अगदी तुमचा धीर सुटायच्या बेताला तो यायचा. हॉटेलांतल्या नाचाच्या बँडमध्ये तो सरळ वाजवतात, किंचित आधी. आजीला ते अजिबात खपायचं नाही. म्हणायची, "तिसरा ठोका लवकर टाकणारी माणसं जेवतात पण न चावताच." हे ती आमच्या शेजारच्या रेमीहिओला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. रेमीहिओ समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलच्या बँडमध्ये ड्रमसेट वाजवायचा. तो गालातल्या गालात हसून सिगार पेटवायचा.

मग ती वाईट वर्षं आली. तेल नाही, साबण नाही, दिवे गेले तर कधी येतील याचा नेम नाही. लोक साखरपाणी पिऊन झोपायचे. ओनेलिओमामानं आपला ढोल देऊन ट्रकच्या जुन्या ट्यूबा मिळवल्या, त्यावर फळ्या बांधून तराफा केला आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी पलीकडचा देश गाठायला समुद्रात गेला. आजी किनाऱ्यावर गेली नाही. बरेच दिवस त्याची खबर नव्हती. मग एकदा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन आला. पलीकडून मामा ओरडत होता, "पोचलो, आई, पोचलो." आजीनं एवढंच विचारलं, "जेवलास का?" आणि फोन माझ्या हातात देऊन ती बाहेर जाऊन उभी राहिली. त्यानंतर दिग्ना हबानाला लेकीकडे गेली, तिचे गुडघे गेले होते. उलीसेसला आम्ही ईस्टरच्या आधी पुरलं.

त्याच्या मातीहून आल्यावर आजीनं क्लावे निळ्या फडक्यात गुंडाळल्या, कपाटाच्या खणात साखरेच्या रिकाम्या डब्यामागे ठेवल्या आणि म्हणाली, "संपलं."

माझी आई सोइला, तिला एवढंच निमित्त हवं होतं. आमच्याकडे घर विकता येत नसे, अदलाबदल करायची. आईला गावाबाहेरच्या नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावरचं घर कुणीतरी दाखवलं होतं. स्वतःची न्हाणी, स्वतःचा नळ, छत गळत नाही. आई चाळीस वर्षं त्या अंगणातल्या नळावर रांग लावत आली होती, तिचंही काही चुकत नव्हतं. पण खोली आजीच्या नावावर, आणि आजी इतकी वर्षं एकच म्हणायची, "माझं मढं निघेल इथून. त्याच्याशी करा अदलाबदल."

आता आईनं पुन्हा विषय काढला तर आजी तांदळातले खडे निवडत म्हणाली, "कर. काय राहिलंय इथं."

आई हरखली. मी मात्र गारच पडले. विशीतली होते, मला काय, पाचवा मजला चालला असता. पण आजी? जिन्यावरून खाली उतरायची तिची ताकद नव्हती. एकदा ती वर गेली की खिडकीतच बसणार, आणि खिडकीतून दिसणार दुसरी इमारत. तिथं ती वर्ष काढणार नाही हे मला लख्ख दिसत होतं. ती मरायलाच निघाली होती, फक्त आईच्या सामानाबरोबर. मी आईला तसं म्हटलं तर ती चिडली. "मग तू राहा नळाच्या रांगेत. जीव माझा जातोय, तुझा नाही." त्या पाचव्या मजल्यावरच्या घरात राहणारं जोडपं आमची खोली बघायला सप्टेंबरमध्ये, रेग्लाच्या माउलीच्या दिवशी येणार होतं. ती समुद्राची देवी, आणि तो दिवस आमच्या अंगणाचा सण. आदल्या वर्षी मामा नुकताच गेला होता म्हणून तो मुका गेला होता.

मला एकच सुचलं. त्या दिवशी अंगणात रुंबा झाला तर आजी हलणार नाही. पण वाजवणार कोण? दुसऱ्या अंगणातल्यांचीही आमच्यासारखीच गत. शिवाय आमच्या अंगणात परक्यानं ढोलाला हात लावलेला आजीला चालत नसे. आणि मोठा ढोल तरी कुठं होता?

मी रेमीहिओच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याचा बँड केव्हाच मोडला होता. खोलीत पलंगापेक्षा जास्त जागा ड्रमसेटनं अडवलेली.

"रेमीहिओमामा, तू एकटा चार जणांचं वाजवायचास ना?"

"वाजवायचो. पगार मात्र एकाचाच मिळायचा."

"मला शिकव."

"तुला? तुला सरळ चालता येत नाही, इराइदा. उंबरठ्याला रोज ठेचकाळतेस."

"उलीसेस, दिग्ना आणि ओनेलिओमामा, सगळ्यांचं मिळून मला वाजवायचंय. रेग्लाच्या दिवशी. आजी जायला निघालीये."

त्यानं सिगारचं थोटूक विझवलं. मग उठून त्यानं ड्रमवरची चादर काढली. "बस," म्हणाला.

तो सेट म्हणजे एक प्रकरणच होतं. कातडी मिळत नसत म्हणून मधल्या ड्रमवर त्यानं एक्स-रेची फिल्म ताणून बसवली होती. त्याच्याच छातीची. प्रकाशात धरलं की फासळ्या दिसायच्या. पायाच्या पेडलला चिनी सायकलची साखळी. काठ्या त्यानं पेरूच्या फांदीच्या तासल्या होत्या. मी घाबरत पहिला ठोका मारला तर म्हणाला, "मार, मार. बायकोनं आयुष्यभर त्याच फासळ्या बडवल्या, त्यांना सवय आहे."

आधी उजवा हात. बांबू नव्हता, म्हणून मोठ्या ड्रमच्या लाकडी कडेवर काठी चालवायची. मी सुरू केलं की तो म्हणायचा, "ही दिग्ना नाही. ही दिग्नाची सून आहे, घाबरलेली." मग मी डोळे मिटून दिग्नाला आठवायचे. तिचा तो जाड दंड, ओठांत धरलेली हेअरपिन, आणि कुणाचंही न ऐकणारा हात. बरेच दिवस गेले आणि एका दुपारी हात एकदम आपला आपण चालायला लागला. दारावरून जाणारी शेजारीण थबकली, म्हणाली, "अगं बाई, दिग्ना आली का परत?" मला रडूच आलं.

मग उजवा पाय, ओनेलिओमामाचा. त्याचा ढोल थोडका बोलायचा, पण त्याच्याशिवाय बाकी सगळं हवेत. मी पाय घातला की हात बंद पडायचा. हाताकडे बघितलं की पाय गायब.

"दिग्ना आली की ओनेलिओ पळतो," रेमीहिओ म्हणाला. "अंगणातही असंच होतं. वीस वर्षं त्यांचं तसंच चाललं होतं, तुला माहीत नाही."

"काय चाललं होतं?"

"तू पाय सांभाळ."

पावाच्या रांगेत मी मांडीवर हात आणि फरशीवर पाय चालवत उभी असायचे. पुढच्या बायका वळून बघायच्या. त्या काळात जीवनसत्त्वं कमी पडून लोकांच्या हातापायांतली ताकद जायची, डोळे जायचे. एका म्हातारीनं कनवाळूपणे मला स्वतःचं अर्धं केळं दिलं. मी ते खाल्लं. भूक लागली होती, लाज कसली?

डावा हात सगळ्यांत अवघड, कारण उलीसेस कधी ठरलेलं वाजवायचाच नाही. रेमीहिओनं सांगितलं, "त्याचे ठोके पाठ करू नकोस. तो काय बोलायचा ते आठव." म्हणून मी त्याचे टोमणे आठवले आणि तेच वाजवले. आईला त्यानं एकदा लाल झग्यावरून काय म्हटलं होतं, तेसुद्धा. रेमीहिओ खो खो हसला आणि मग रुमाल काढून नाक शिंकरत बसला. उलीसेस त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

तीन माणसं घरात आली. राहिला डावा पाय.

रेमीहिओनं दुसऱ्या पेडलसमोर लाकडाचा ठोकळा बांधला, पण मला बसू देईना. "ही जागा ओब्दुलियाची. बाकीचे गेले, त्यांच्या जागी आपण बसलो तर ते रागावणार नाहीत. पण अंगणात असलेल्या माणसाची जागा त्यानं दिल्याशिवाय घेत नाहीत." हे खरं होतं. आमच्या अंगणात दिग्ना नळावर गेली तरी तिच्या काठ्यांना कुणी हात लावत नसे.

म्हणून मी आजीला विचारायला गेले. ती कच्ची केळी सोलत बसली होती.

"आजी, क्लावेचे ठोके मी पायानं वाजवू?"

"वाजव की. मला काय विचारतेस? संपलं ते." तिनं मान वर केली नाही.

मी येऊन सांगितलं. रेमीहिओनं डोकं खाजवलं. "याला देणं म्हणत नाहीत, टाकून देणं म्हणतात. बरं, बस."

आणि माझे हाल सुरू झाले. तिघं जण आपापलं वाजवताहेत आणि त्यांच्या खालून डाव्या पायानं पाच ठोके टाकायचे. पाय माझा, पण तो ऐकेना. कसाबसा बसला तर तिसरा ठोका सरळच पडायचा, हॉटेलवाल्यांसारखा, लवकर. अडवायला गेले की दिग्ना घसरायची, मामा पळायचा, उलीसेसची वाचा बसायची.

"रेमीहिओमामा, हा तिसरा आजीसारखा येत नाही."

"दिग्ना आहे? ओनेलिओ आहे? उलीसेस बोलतोय? मग पायाला कशाला छळतेस? राहू दे तसाच."

"पण चुकतोय."

"हजारो लोक त्याच्यावर नाचले हॉटेलात. एकाचाही पाय मोडला नाही."

मला त्याचा असा राग आला. मनात म्हटलं, शेवटी हा बँडवालाच, याला कळतच नाही. आजी बोलायची ते काही खोटं नव्हतं. पण सण तोंडावर आला होता आणि दुसरा शिकवणारा नव्हता. मी गुमान वाजवत राहिले.

आजीची खोली भिंतीला भिंत लागून. मी वाजवायला लागले की ती खिडकीची झडप लावून घ्यायची. ऑगस्टचा उकाडा, वारा नाही, आणि ही बाई आत दारं-खिडक्या बंद करून बसलेली. कधी आतून भांडी आपटल्याचा आवाज यायचा. आई मला म्हणाली, "अगं, थांबव आता. तिला ऐकवत नाही. सारखे सुस्कारे टाकते, कूस बदलते, काल ताटावरून उठली." त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. मी तिला धरून ठेवायला निघाले होते आणि तिला अजून घाईनं बाहेर ढकलत होते. सकाळी रेमीहिओला सांगितलं, मी नाही वाजवत.

"ताटावरून उठली?" त्यानं विचारलं.

"हो."

"भांडी आपटली?"

"हो म्हटलं ना."

"तर मग वाजव," तो म्हणाला आणि पेडलच्या साखळीला तेल सोडायला लागला. कुठून मिळवलं होतं देव जाणे.

रेग्लाचा दिवस उजाडला. झाडाखाली निळं कापड अंथरलं, माउलीपुढे कलिंगड ठेवलं. दरवर्षी कितीतरी असायची, त्या साली एकच. काकवी मिळाली नाही म्हणून कुणीतरी साखरपाण्याची वाटी ठेवली. रेमीहिओ आणि मी सेट अंगणात आणून मांडला. लोक पायऱ्यांवर येऊन बसले. आणि त्याच वेळी ते जोडपं आलं. नवरा बंदरात क्रेनवर काम करायचा, त्याला बंदराच्या जवळ घर हवं होतं. बायको हसतमुख, हातात मोजायची टेप. आई त्यांना घेऊन खोलीत गेली. दार उघडंच होतं. आजी आत कपाटाला टेकून उभी होती, चेहरा कोरा. माझ्या जागेवरून मला सगळं दिसत होतं.

मी उजवा हात सुरू केला. दिग्ना आली. पायऱ्यांवर कुणीतरी "हां" म्हणालं. मामाचा पाय खालून आला, मग उलीसेस बोलायला लागला. समोरच्या खोलीतला म्हातारा तोंडावर हात धरून रडायला लागला. मग मी डावा पाय टाकला, आणि सगळं एकत्र चाललं. वर्षभरानं अंगण वाजत होतं. बायका उठून नाचायला लागल्या.

आत ती टेपवाली बाई कपाटाच्या बाजूची भिंत मोजत होती. आई तिला टेपचं दुसरं टोक धरून देत होती. आजी तशीच उभी. माझा पाय चालला होता, पहिला, दुसरा, आणि तिसरा लवकर. पुन्हा पहिला, दुसरा, आणि तिसरा लवकर. दर वेळी तिच्या गालाचा स्नायू उडायचा. मला वाटलं, आता ही दार लावून घेणार. संपलं. मी हरले.

आजीनं टेप हातानं बाजूला सारली आणि कपाटाचा खण ओढला.

ती बाहेर आली तेव्हा निळं फडकं जमिनीवर पडलं होतं आणि क्लावे तिच्या हातात होत्या. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पाय काढ."

"आजी?"

"पाय काढ तिथून. माझी जागा आहे ती. किती दिवस भिंतीतून ऐकतेय मी हे. अन्न गोड लागेना मला. तिसरा ठोका, अगं, तिसरा. कुणाच्या घरी दरोडा पडलाय म्हणून एवढी धावतेस? कोणी शिकवलं हे तुला? या मुडद्यानं?"

रेमीहिओनं दोन्ही हात वर केले. "मला काय कळतंय, ओब्दुलिया. मी हॉटेलात वाजवणारा माणूस."

मी पाय काढला. एका क्षणात सगळं डुगडुगलं, कारण मला त्या पायाची सवय झाली होती, आणि आता तो खुळ्यासारखा लोंबत राहिला. मग आजीनं दांड्या वाजवल्या. पहिला. दुसरा. आणि ती थांबली, थांबली, आणि मग तिसरा आला. माझ्या हातातली दिग्ना आपोआप तिच्या मागे गेली, मामा गेला, उलीसेस गेला. ती तिघं तिचीच माणसं होती, तिला ओळखत होती. मी फक्त हातपाय दिले. आजी गायला लागली. आवाज चिरका झाला होता, श्वास पुरत नव्हता, आणि मधेच ती ओनेलिओचं नाव घालून त्याला शिव्याही देत होती, समुद्रापलीकडे जाऊन बसला म्हणून. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते.

गाणं थांबल्यावर तिनं दाराकडे वळून बघितलं. ती बाई अजून टेप धरून उभी होती.

"ती टेप गुंडाळ, बाई. या खोलीतलं काही हलायचं नाही. या, कलिंगड खा."

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "मला आधीच वाटलं होतं. एवढं वाजत असताना कोण घर सोडतं?" आणि टेप गुंडाळून ती नाचायला गेली. आई मात्र स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी मागून गेले तर ती भांडं पुसायच्या फडक्यानं डोळे पुसत होती. म्हणाली, "माझी न्हाणी गेली गं." मी तिच्या शेजारी बसले.  न्हाणी खरंच गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी रेमीहिओकडे गेले. तो डाव्या पायाचं पेडल सोडवत होता.

"तू मुद्दाम केलंस."

"मी? पाय तुझा होता."

"रेमीहिओमामा."

त्यानं पाना खाली ठेवला. "तो तिसरा ठोका मी तुला दोन दिवसांत बसवून दिला असता. मग ती काय म्हणाली असती? छान वाजवते पोरगी, आता माझी काय गरज. आणि निघून गेली असती पाचव्या मजल्यावर, समाधानानं." त्यानं ठोकळा माझ्या हातात दिला. "ठेव जपून. लागेल कधीतरी."

आजी त्यानंतर बरीच वर्षं जगली. दर रविवारी स्टूल घेऊन माझ्या डाव्या बाजूला बसायची. मी मोठ्या बँडमध्ये वाजवायला लागले, हबानाला गेले, परदेशी जाऊन आले, तरी रविवारी मातान्सासला असले की माझा डावा पाय रिकामा. तिथं ती असायची. ओनेलिओमामा एकदा येऊन गेला, पोट सुटलेला, आणि आजीनं त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "जेवलास का?" दिग्ना आली नाही. रेमीहिओ गेला तेव्हा एक्स-रे मी काढून घेतला, अजून माझ्या भिंतीवर आहे. आईला पुढे मामानं पैसे पाठवले आणि आमच्याच खोलीमागे तिची न्हाणी झाली. पहिल्या दिवशी ती आत इतका वेळ बसली की आम्ही दार वाजवलं.

आजी त्याच खोलीत गेली, सकाळची कॉफी पिऊन, कप स्वतः धुऊन ठेवून.

पुढच्या रेग्लाच्या दिवशी मी तो ठोकळा काढला आणि दुसऱ्या पेडलला बांधला. अंगणात सगळे होते. तिचं स्टूल कुणी हलवलं नव्हतं. दिग्ना सुरू केली, मामा, उलीसेस. डावा पाय ठेवला. कुणी न शिकवता तो कुठं टाकायचा ते मला आता कळत होतं, इतकी वर्षं कानाशी ऐकलेलं. पण मी पहिल्या फेरीला तिसरा ठोका मुद्दाम लवकर टाकला. दुसऱ्या फेरीलाही लवकर टाकला, आणि खोलीच्या दाराकडे बघत राहिले.

आतून कुणी ओरडलं नाही. कपाटाचा खण वाजला नाही. दारात आई उभी होती, तिनं माझ्याकडे बघून हळूच नाही अशी मान हलवली. मग मी तिसरा ठोका अडवला, आजी धरायची तेवढाच, आणि वाजवत राहिले.